थू मिस्त्री

रेडिएटरचं झाकण उघडायचं, आत करंगळी बुडवायची, ती जिभेला लावायची आणि बाजूला जोरात थुंकायचं. नांदुऱ्याबाहेर खामगाव रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात गाडीची तपासणी अशी सुरू व्हायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडच फिरवलं. गंजाचं, तेलाचं, मेलेल्या किड्यांचं ते तपकिरी पाणी, आणि हा माणूस डोळे मिटून त्याची चव घेतो, मुरलेल्या लोणच्याची घ्यावी तशी! मग 'थू!' असा आवाज निघे, तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर ऐकू जाई. त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं म्हणतात. पण सारं नांदुरा त्याला थू मिस्त्री म्हणायचं आणि तोही त्यालाच ओ द्यायचा. गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. एका सहकाऱ्याच्या गाडीसोबत पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी त्याला शहाणपणा शिकवायला निघालो होतो. म्हटलं, "मिस्त्री, कूलंट विषारी असतं. गोड लागलं तरी विषच ते." त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, मी गिळतो थोडीच? थुकतो ना. तुमी लोकं पेपरात काय काय वाचता, अन् पूरंच्या पूरं गिळता." माझा सहकारी खो खो हसला. मी मनात म्हटलं, घाणेरडा म्हातारा.

घाणेरडा तो होताच, त्यात भर घालायला नको. चहाच्या ग्लासावर त्याच्या काळ्या बोटांचे ठसे असायचे आणि तोच ग्लास तो गिऱ्हाइकापुढे करायचा. पण आमच्याकडे ज्याच्या त्याच्या गालात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची गोळी असते, तिथे यानं आयुष्यात खर्ऱ्याला हात लावला नव्हता. दिवसाचं पहिलं रेडिएटर चाखल्याशिवाय चहासुद्धा पीत नसे. "जिभीवर पोट हाय माह्यं," म्हणायचा. त्या जिभेला काय काय कळायचं! नळाचं पाणी कोणतं, बोअरचं कोणतं, पाण्यात तेल उतरलंय का, उतरलं असेल तर कुठून, हे सगळं तो त्या एका थुंकीत सांगायचा. खारं पाणी निघालं की त्याचा पारा चढे. "सोताच्या किडन्या खराब केल्या या पान्यानं, आता गाडीच्या बी करता का?" असं तो भल्याभल्यांना सुनवायचा. आमच्या खारपाणपट्ट्यात किडन्या गेलेली माणसं घरोघरी, त्यामुळे कुणी उलटून बोलत नसे.

त्याचा एकच नियम होता. गाडीत आजवर काय ओतलं, काय ठोकलं, कुठे आपटलं, हे मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तोवर तो पाना हातात घ्यायचा नाही. "पयले तोंड खोला, मंग बोनट खोलू." लोक खोटं बोलायचेच. गाडी आपटली तर म्हणायचे, आपोआप गळायला लागली. वर्षभर पाणी पाहिलं नसलं तर म्हणायचे, कालच भरलं. मग तो दगडावर बसून राही आणि मालकालाही शेजारच्या दगडावर बसवी. इंजिन थंड झाल्याशिवाय तो झाकण उघडत नसेच. तेवढ्या वेळात पुष्कळांना कंठ फुटायचा. "गाडी गरम झाली का तिचा काटा वर जाते," तो म्हणे, "मानसाले काटा नाई, हाच घोळ हाय."

एकदा मे महिन्यात त्याच्या दारात नवरदेवाची गाडी येऊन थांबली, बोनटमधून वाफा काढत. आत नवरदेव फेट्यासकट भिजून चिंब. "आमी काईच केलं नाई," वरबाप आधीच सांगून मोकळा झाला. गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूची वीतभर जाड चादर, तीवर वधूवरांच्या नावांची पाटी, आणि पाटीवर पुन्हा हार. वारा आत जायला सुईएवढी जागा नव्हती. थू मिस्त्रीनं चाखायचीही तसदी घेतली नाही. दोन्ही हातांनी ती फुलं ओरबाडून त्यानं रस्त्यावर फेकली. वरबाप ओरडला, "अबे, अपशकुन करतं का?" हा म्हणाला, "गाडीचं नाक दाबलं तुमी. तोच झेंडू नवरदेवाच्या नाकात कोंबून पाहा, किती चालते ते पाहू." नवरदेव एकटाच हसला. पाऊण तासानं वरात मार्गी लागली आणि उरलेली फुलं मिस्त्रीनं शिव्या देत झाडून काढली.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला त्या करंगळीपेक्षा जास्त किळस येते, पण ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

माझ्या आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. दर मंगळवारी आणि शनिवारी तिला खामगावला डायलिसिसला न्यावं लागे. सकाळी दहाला तिची वेळ. उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला लागायचं आणि ती बाकावर ताटकळत पडायची. एस.टी.त तिला उलट्या व्हायच्या. म्हणून बाबांनी, निवृत्त प्राथमिक शिक्षकानं, एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. बाबांना चालवता येत नव्हती, चालवायचो मी. पण रोज सकाळी फडक्यानं ते पुसायचे तिला. आमच्या घरात त्या गाडीचं काम एकच होतं, आईला वेळेवर मशीनपर्यंत पोचवणं.

त्याच गाडीत मी एका हिवाळ्यात पिंपळगाव राजाजवळच्या शेतात रोडग्यांच्या पार्टीला गेलो. बाबांनी निघताना बजावलं होतं, "बांधावर ठेवजो गाडी. वावरात घालू नोको." बांधापासून पार्टी होती त्या आंब्यापर्यंत पाच मिनिटांची वाट होती. पण मला पायी जायचं नव्हतं. नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात मी गाडी घातली. मधल्या दोन ओळी उपटलेल्या नव्हत्या, कापलेल्या होत्या, आणि कापलेल्या पऱ्हाटीचा खुंट भाल्यासारखा उभा असतो. त्यातला एक खालून थेट रेडिएटरमध्ये घुसला. पाणी ठिबकायला लागलं. रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती, आणि मला घाम फुटला होता. तिथला ट्रॅक्टर चालवणारा म्हणाला, "सर, हळद टाका. वरतून मूठभर बेसन. दहा मिन्टात बंद." मसाल्याचा डबा समोरच होता. रसायनशास्त्राचा एम.एस्सी. झालेला मी, हळद आणि बेसन पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतत होतो. गळती खरंच थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी दोन रोडगे जास्त खाल्ले. गाडीखालचा वाकलेला पत्रा पायानं दाबून सरळ केला आणि घरी येऊन गाडी जागेवर लावली. बाबांनी विचारलं, "बांधावरच ठेवली होती ना?" मी म्हटलं, "हो."

मी शेण खाल्लं ते असं. आणि ते तेवढ्यावर संपलं नाही.

होळीनंतर ऊन तापलं तशी गाडी गरम व्हायला लागली. काटा वर चढला की रस्त्याच्या कडेला थांबायचं, आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली. बाबा म्हणाले, थू मिस्त्रीकडे दाखवू. मी म्हटलं, "नको, तो फार घाण माणूस आहे. पाणी चाटतो." बाबांना ते पटलं. शिकल्या-सवरल्या पोरानं सांगितलं म्हटल्यावर पटायचंच. खरं कारण हे होतं की तो पाणी चाटतो. हळद लपवायला साऱ्या तालुक्यात मला तेवढं एकच गॅरेज टाळायचं होतं.

मग सुरू झालं ते आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एका गॅरेजनं पाण्याचा पंप बदलला. दुसऱ्यानं पंख्याची मोटर. तिसऱ्यानं थर्मोस्टॅट काढूनच टाकला आणि म्हणाला, तो आपल्याकडे लागतच नाही, थंड देशासाठी असतो. तीनही गॅरेजांत मी मान डोलवत उभा होतो. तिसऱ्यानंच वर सल्ला दिला: काटा चढला की गाडीतला हीटर पूर्ण सोडा, इंजिनाची गरमी तेवढी कमी होते. तेही केलं आम्ही. बाहेर पंचेचाळीस, आत हीटर, आणि मागे आई, जिला दिवसाचं पाणी मोजून प्यायला मिळत होतं. ओठांवरून जीभ फिरवत ती बसायची. एकदा टाकीतून उकळतं पाणी उसळून बाहेर आलं, तेव्हा ती म्हणाली, "पिठल्यासारखा वास येऊन राह्यला." मी म्हटलं, "शेतातून कुठून तरी येत असेल." ती माझ्याकडे आरशातून पाहत राहिली. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला मी हे सांगत होतो.

शेवटी एका शनिवारी घरून निघून जेमतेम गावाबाहेर पडलो आणि गाडीनं मान टाकली, ती नेमकी थू मिस्त्रीच्या दारात. आता टाळणार कसं? तो उठून आला. कुणी काही विचारायच्या आधी आईला हात देऊन त्यानं सावलीतल्या बाकावर बसवलं. त्यानं वरच्या पाइपला हात लावला, तो चटका बसेल इतका गरम. खालच्याला लावला, तो गार. रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवत गेला. मधेमधे गार पट्टे लागत होते. "मधी कोंबलं काईतरी," तो म्हणाला. वीस मिनिटं आम्ही तसेच थांबलो. मग फडकं धरून त्यानं झाकण उघडलं, करंगळी बुडवली, जिभेला लावली. थुंकला नाही. पुन्हा बुडवली, पुन्हा लावली. तेव्हा कुठे थुंकला.

"हळद," तो म्हणाला. "अन् बेसन. रेडिएटरमंदी पिठलं कोनं शिजवलं?"

बाबा थक्क झाले. "हळद? आमच्या गाडीत?"

"कोनं टाकली थे सांगा, गुरुजी. मंग पाना घेतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. नऊ वाजून गेले होते, मशीनची वेळ टळत चालली होती आणि एका शब्दाचं काम होतं. तीस वर्षांचा घोडा मी, शंभर पोरांपुढे तास न् तास बोलणारा. माझ्या तोंडातून तो शब्द निघेना. बाकावरून आईचा आवाज आला.

"मी टाकली."

बाबा वळले. "तू? अवं पन तुले काय गरज..."

"गळून राह्यली होती दारात. शेजारच्या बाईनं सांगतलं, हळद टाकली का थांबते. म्हनून टाकली."

आईला गाडीचं बोनट कुठून उघडतं हेही माहीत नव्हतं. थू मिस्त्री तिच्याकडे पाहून हळूच म्हणाला, "वहिनी, तुमी नोका बोलू." मग तो माझ्याकडे पाहत थांबला. बराच वेळ थांबला. मी अजून कडुनिंबाकडेच पाहत होतो. त्यानं घड्याळात पाहिलं, आईच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि कुणी कबूल केलेलं नसताना पाना उचलला. त्याचा नियम त्यानं मोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. पाइप सोडवून त्यानं उलट्या बाजूनं पाण्याचा जोर मारला. पिवळा, आंबलेला, दुर्गंधीचा चिखल भदाभदा बाहेर आला. शेवटी तो थुंकला तो माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, आणि त्या वेळी त्याच्या जिभेवर पाणी नव्हतं.

"आज खामगाव गाठसान," तो बाबांना म्हणाला. "हळू जा. सोमवारी गाडी आनून द्या, पूरं रेडिएटर उतरवतो."

वाटेभर बाबा आईला बोलत होते. अक्कल आहे का, म्हणाले. आपल्याच जिवाशी खेळली, म्हणाले. तीन गॅरेजं पालथी घातली तरी तोंडातून ब्र काढला नाही, म्हणाले. आई खिडकीबाहेर पाहत होती. दवाखान्यात पोचलो तर मशीन दुसऱ्याला लागलं होतं. दुपारी तीनपर्यंत ती बाकावर आडवी पडून राहिली.

त्यानंतर गाडी कधी तापली नाही. थू मिस्त्रीनं मात्र नियम घालून दिला की दर शनिवारी जाताना पाणी दाखवूनच पुढे जायचं. मी गाडी उभी करून लगेच समोरच्या टपरीवर जायचो, त्याच्या नजरेसमोर थांबायला नको म्हणून. आई त्याच्या बाकावर बसायची, घोटभर पाणी प्यायची, दोघं काहीबाही बोलत. मला वाटायचं, आजाराचं बोलत असतील. घरी पाहुणा आला की बाबा हमखास सांगायचे, "आमच्या हिनं गाडीले फोडनी देल्ली होती!" पाहुणे हसत. आईही हसे. आणि मी, मीही हसायचो. दोन वर्षं हसलो.

मग आई गेली.

तेरवीला थू मिस्त्री आला होता. धुतलेला पांढरा सदरा, नखांत तेवढं काळं राहिलेलं. पंगत बसली, वाढून झालं. बाबा वाढप्यांच्या मागे फिरत होते, आणि कुणाजवळ तरी थांबून भरल्या आवाजात सांगायला लागले, भोळी होती हो बिचारी, गाडीत हळद टाकली होती एकदा. लोक डोळे पुसत हसले. मिस्त्रीचा घास हातातच राहिला. त्यानं तो पानावर ठेवला आणि भरल्या पानावरून उठला. तेरवीच्या पंगतीतून असं कुणी उठत नाही. सगळे पाहत राहिले. मी त्याच्यामागे हौदापर्यंत गेलो.

"मिस्त्री," मी म्हटलं, "ती हळद मी टाकली होती."

तो हात धूत राहिला. "मले कायले सांगतं बे? मले त्याच दिवशी माईत होतं." हात झटकून त्यानं सदऱ्याला पुसले. "दर शनवारी थे मले इचारे, मिस्त्रीभाऊ, बोलला का हो माह्या पोरगा तुमच्यापाशी? मी म्हनो, नाई वहिनी. थे म्हने, बोलन. बापाले भेते थो, तुमच्यापाशी बोलन. शेवटल्या शनवारी बी इचारलं तिनं."

तो चपला शोधत होता. चपला सापडल्यावर म्हणाला, "आता बापाले सांग. थो हाय अजून."

तो एवढंच बोलून निघून गेला. अशा माणसाला मी घाणेरडा म्हणत होतो. त्याच्या जिभेला उभ्या आयुष्यात जेवढी घाण लागली असेल, तेवढी मी एका 'हो'मध्ये गिळून बसलो होतो, आणि ती थुंकून टाकायला मला दोन वर्षं आणि एक तेरवी लागली.

संध्याकाळी पाहुणे पांगले. बाबा अंगणात सतरंज्यांच्या घड्या करत होते. मी दुसरं टोक धरलं आणि सांगितलं. वावर, खुंट, मसाल्याचा डबा, सगळं. ते ऐकत होते. रागावले नाहीत. मला वाटलं होतं, निदान हात उगारतील.

"मंग थे काऊन म्हने, मी टाकली?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ते एव्हाना कळलं होतं. सतरंजी आमच्या मधे लोंबत होती.

"मी तिले खामगाव येईस्तोवर बोलत गेलो," बाबा म्हणाले. मग हळू आवाजात, "तू तं गाडी चालवून राह्यला होता ना बे? ऐकून राह्यला होता ना तू?"